चोरलची बाटली, राजेंद्र नगरचा टँक आणि मधला कायदा

जुलैतला रविवार होता. संध्याकाळी इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या घराची बेल वाजली, दार उघडलं तर भाचा भिजून चिंब आणि हातात दोन लिटरची पाण्याची बाटली. शाळेतल्या पोरांबरोबर पातालपाणीच्या धबधब्याला गेला होता. चोरल नदीच्या उथळ पाण्यात कुणाची तरी ओढणी दोन्ही टोकांना धरून मासे पकडले म्हणे. "मामा, सात आहेत. तुझ्या टँकमध्ये सोडू?"

बाटली उजेडात धरली. बोटाच्या पेराएवढे चंदेरी मासे, दोघांच्या शेपटीजवळ काळा ठिपका, आणि एक तपकिरी, तळाला चिकटून बसलेला. मागून बहीण जिना चढत म्हणाली, "सोड रे, नदीतलेच तर आहेत. दुकानातून आणलेत का, की बिल मागतोयस?"

"नदीतलेच तर आहेत" हे वाक्य मी पंधरा वर्षांत शंभरदा ऐकलंय. खरं सांगायचं तर सुरुवातीच्या काळात मीही तेच म्हणत होतो आणि बादली घेऊन हिंडत होतो. दुकानातल्या माशाबद्दल आपण हजार प्रश्न विचारतो, नदीतल्या माशाबद्दल एकही नाही. कायद्याचं नेमकं उलटं आहे. दुकानातल्या गप्पीबद्दल त्याला फारसं काही म्हणायचं नाही, ओढ्यातल्या माशाबद्दल मात्र बरंच म्हणायचं आहे.

गोंधळ होतो कारण "घरी मासे पाळण्याचा कायदा" असा एक कायदा आपल्याकडे नाहीच. २०१७ मध्ये केंद्राने प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवण्याच्या कायद्याखाली खास ॲक्वेरियम आणि माशांच्या दुकानांसाठी नियम काढले होते. दुकानदारांनी आणि मत्स्यपालकांनी ओरड केली आणि सरकारने ते मागे घेतले. २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम आले, पण त्यातल्या "पाळीव प्राणी" या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर आणि पिंजऱ्यातले पक्षी आहेत, मासा नाही. म्हणजे तुमच्या टँककडे थेट बघणारा कायदा नाही. आहेत ते टँकच्या आधीचं बघणारे: मासा कुठला, तो कुठल्या पाण्यातून काढला आणि कुठल्या महिन्यात काढला. यातला पहिला प्रश्न सगळे विचारतात. खरी अडचण बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्यात असते.

तरी पहिल्यापासून सुरू करू, कारण त्यात चूक झाली तर ती सर्वात महागात पडते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आधी सहा अनुसूची, म्हणजे जातींच्या याद्या, होत्या, आता चार. पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची, चौथी आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींची. "वन्य प्राणी" या शब्दाला कायद्यात ठरलेला अर्थ आहे: पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीत नाव असलेला आणि निसर्गात आढळणारा प्राणी. आणि "शिकार" म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, जाळ्यात अडकवणं, त्यासाठी प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीत येतं. ओढणी धरून पाण्यात उभी असलेली पोरं यादीतला प्राणी पकडत असतील, तर कायद्याच्या भाषेत ती शिकार करत असतात.

या यादीत मासे आहेत, पण बरेचसे समुद्रातले: देवमाशासारखा दिसणारा व्हेल शार्क, करवतमासा, समुद्रघोडे. व्हेल शार्क आणि समुद्रघोड्यांना २००१ पासून संरक्षण आहे. माळव्यातल्या ओढ्यात दिसणारे बार्ब, डॅनिओ, रासबोरा असे साधे छोटे मासे तिथे नाहीत. इथे लोक दोन प्रकारे फसतात. एक, कुणीतरी मोबाइलवर लाल यादी दाखवतो आणि म्हणतो, हा मासा संकटग्रस्त आहे, म्हणजे बेकायदा. तसं नाही. ती आंतरराष्ट्रीय संस्थेने केलेली शास्त्रीय यादी आहे, तिच्यात नाव आलं म्हणून भारतात गुन्हा होत नाही. दोन, अनुसूचीत नाव नाही म्हणजे मोकळं रान, हेही खरं नाही. त्याकडे येतोच.

मधे एक आपल्या घरचा मासा. महाशीर, म्हणजे नर्मदेकाठचे कोळी ज्याला बाडस म्हणतात तो, २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. राज्यमासा हा मान आहे, ती अनुसूची नव्हे. पण चोरल आणि बडवाहच्या बाजूला वनखात्याने त्याची संख्या वाढवायला बरीच खटपट केली आहे. अडचण अशी की महाशीरचं पिल्लू लहानपणी ओढ्यातल्या इतर बार्बसारखंच दिसतं. मोठे खवले, चंदेरी अंग, बस. बाटलीत ओळखता येत नाही. आणि हा मासा खळाळत्या, भरपूर प्राणवायूच्या पाण्यातला. हातभर वाढणारा तो जीव तीन फुटी टँकमध्ये ठेवणं म्हणजे गायीला बाथरूममध्ये बांधणं. ओळखता येत नसेल तर घरी आणू नये, एवढं मी भाच्याला त्याच संध्याकाळी सांगितलं.

माशांवर बोलतोय, पण खरा गुन्हा घराघरात कासवाचा होतो. वास्तूसाठी म्हणा, लक्ष्मीसाठी म्हणा, टँकमध्ये एखादं कासव असतंच. लाल कानाचं, हिरवं, दुकानात मिळणारं असेल तर ते परदेशी. पण तळ्याकाठी किंवा शेतातल्या विहिरीत सापडलेलं, पाठीला मऊ कड असलेलं, खालच्या बाजूला पायांवर झडपा असलेलं असेल, तर ते आपलं मऊ पाठीचं देशी कासव आणि ते पहिल्या अनुसूचीत आहे. छपरासारखी पाठ असलेलं छोटं कासवही तिथेच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कैद, वर किमान २५,००० रुपये दंड. शिवाय असा प्राणी सरकारची मालमत्ता असतो. तो हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवून सोपवायचा असतो. आणि सर्वात टोचणारी गोष्ट पुराव्याची: असा प्राणी ताब्यात सापडला की तो बेकायदा आहे असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे दाखवणं तुमच्यावर. "मामेभावाने वाढदिवसाला दिलं" हे तिथे उत्तर होत नाही.

आता पाणी. इथे इंदूरचा भूगोल समजून घ्यावा लागतो, आणि तो मजेदार आहे. आपलं शहर एका मोठ्या पाणलोटाच्या उंबरठ्यावर बसलंय. महूजवळच्या जानापावच्या डोंगरातून चंबळ निघते आणि उत्तरेला जाते. आपली कान्ह नदी क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. म्हणजे राजवाड्यामागून वाहणारं पाणी शेवटी गंगेचं. चोरल मात्र घाट उतरून दक्षिणेला नर्मदेत जाते. तासाभराच्या अंतरात दोन वेगळी नदी-कुटुंबं. हे मी नुसतं कौतुक म्हणून सांगत नाही, मासे सोडण्याच्या वेळी त्याचा हिशेब लागणार आहे.

सर्वात कडक पाणी अभयारण्यातलं. तिथे "वन्यजीव" या शब्दाचा अर्थ अनुसूचीपुरता नसतो. त्या अधिवासाचा भाग असलेला कुठलाही प्राणी, अगदी पाण्यातलं शेवाळही, त्यात येतं. परवानगीशिवाय तिथून काहीही काढता येत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात काकांकडे जाणारी आपली मंडळी मुरेन्याच्या पुढे चंबळेवर मगरी-सुसरी बघायला जातात. ती राष्ट्रीय चंबळ अभयारण्याची हद्द आहे. तिथल्या वाळूत अडकलेलं माशाचं क्षुल्लक पिल्लू बाटलीत भरलं, तरी कायद्याचा भंग होतो, जात कुठलीही असो. वन्यजीव कायद्याच्या सर्वसाधारण भंगाला आता ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एका बाटलीसाठी कुणी तीन वर्षं आत जाईल असं मला वाटत नाही. पण वनरक्षकाने अडवल्यावर "मला माहीत नव्हतं" म्हणायची वेळ यावी तरी कशाला?

अभयारण्य नाही पण राखीव जंगल आहे, असाही भाग असतो, आणि घाटाकडचे पुष्कळ ओढे जंगलातून वाहतात. १९२७ च्या वन कायद्याच्या २६ व्या कलमात राखीव जंगलात काय करायचं नाही त्याची यादी आहे. झाड तोडणं, आग लावणं यांच्याच रांगेत राज्याच्या नियमांविरुद्ध मासेमारी करणं आणि पाण्यात विष घालणं हेही आहे. लोकांना वाटतं वनखातं म्हणजे सागवान आणि बिबट्या. मासाही त्यांच्या हद्दीत येतो.

तळ्यांची गोष्ट निराळी. मध्य प्रदेशात गावतळी आणि धरणं मासेमारीसाठी पट्ट्यावर, म्हणजे भाडेकराराने, दिली जातात. लहान तळं ग्रामपंचायतीकडे, त्याहून मोठं तालुका पातळीच्या जनपद पंचायतीकडे, आणखी मोठं जिल्हा पंचायतीकडे, आणि पट्टा बहुधा मच्छीमार सहकारी समितीला मिळतो. त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं. नदीतला मोकळा मासा पकडेपर्यंत कुणाचाच नसतो हे जुनं तत्त्व आहे, पण बंद तळ्यात पाळलेल्या माशाला ते लागू होत नाही. तो पट्टेदाराचा. तुम्ही जाळी घालून काढला तर ती सरळ चोरी, पूर्वी भारतीय दंड संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमात. "दोनच तर घेतले" हे वाक्य आंब्याच्या बागेत चालत नाही, तसंच इथेही.

आणि सिरपूर, यशवंत सागर? फिरायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, इंदूरची ही दोन्ही तळी २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहेत. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत अशा ठिकाणी अवैध शिकारीला बंदी आहे, कचरा टाकायला आणि सांडपाणी सोडायलाही. जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरला देशातलं पहिलं रामसर पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा चौकाचौकात होर्डिंगं लागली होती. त्याच होर्डिंगखालून लोक सिरपूरला गोल्डफिश सोडायला जातात.

आता महिना, आणि इथेच भाचा पकडला गेला.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंद ऋतू असतो. दरवर्षी जिल्हाधिकारी आदेश काढतात, स्थानिक हिंदी पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी येते आणि कुणी वाचत नाही. या काळात मासे पकडणं, विकणं, त्यांची वाहतूक करणं, सगळं बंद. भंग केला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आधार १९७२ चे नदीय मत्स्योद्योग नियम आणि १९८१ चा सुधारित मत्स्य क्षेत्र कायदा. नदीशी कुठलाच संबंध नसलेली आणि सरकारने निर्दिष्ट न केलेली छोटी तळी त्यातून वगळली आहेत. पण तिथे वर सांगितलेला पट्टेदार बसलेला असतो.

का बंद, हे कळलं की नियम सरकारी वाटेनासा होतो. रोहू, कटला, मृगळ हे आपल्या नद्यांचे मासे पहिल्या जोराच्या पावसाने नदी फुगली की उलट्या प्रवाहाने वर जातात आणि काठावरच्या उथळ, नव्याने बुडालेल्या जागी अंडी घालतात. छोटे बार्ब, डॅनिओही याच दिवसांत. जुलैच्या मध्याला चोरलच्या काठावर जे इवले इवले चंदेरी ठिपके पळताना दिसतात, ती या वर्षीची सगळी नवी पिढी. आणि नेमके याच दोन महिन्यांत अर्धं इंदूर पातालपाणी, चोरल, तिंछा, जोगीभडक करत पोहे-जिलबीचे डबे घेऊन धबधब्यांवर असतं. बंद ऋतू आणि सहलीचा ऋतू तंतोतंत एक. माझ्या ओळखीत ओढ्यातला मासा घरी आणणारे जेवढे आहेत, त्यातले बहुतेक सगळे जुलै-ऑगस्टचे. कुणीच चोर नाही. पाऊस पडला, मासे दिसले, बाटली रिकामी होती, एवढंच.

बहिणीचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. "मग बाजारात जिवंत मरळ आणि शिंगी टबात घालून विकतात ते? लोक घरी नेऊन कापून खातात. मी कापला तर चालतो आणि याने पाळला तर गुन्हा?"

पाळला म्हणून गुन्हा नाहीच. अनुसूचीत नसलेल्या माशाबाबत कायदा कढई आणि टँक यात फरक करत नाही. तो मुख्यतः पाण्यातून बाहेर येतानाचा क्षण बघतो. बाजारातला मरळ पट्ट्याच्या तळ्यातून, परवानगी असलेल्या माणसाने, उघड्या महिन्यात काढला असेल, तर तुम्ही तो खा किंवा पंप लावून पाळा. उलट बंद ऋतूत नदीतून ओरबाडलेला मासा तळून खाल्ला तरी भंग भंगच. म्हणून देशी मासा पाळायचा असेल, तर सरळ मार्ग तोच: हिवाळ्यात समितीच्या मच्छीमाराला गाठायचं, त्याच्या जाळ्यात आलेले आणि त्याला बाजारात किंमत नसलेले छोटे मासे विकत घ्यायचे आणि एक साधी पावती लिहून घ्यायची. मच्छीमार हसतात, कारण ज्याला ते कोंबडीचं खाद्य म्हणतात त्याचे आपण पैसे देतो. मग टेंगरा, वाम, काचेसारखा आरपार दिसणारा ग्लासफिश, सगळं मिळतं. पकडण्याच्या पद्धतीबद्दल एकच सांगतो. पाण्यात स्फोट करून किंवा विष घालून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. ब्लीचिंग पावडर आणि विजेची तार वापरून "पटकन" काढलेले मासे कुणी देत असेल, तर घेऊ नका. ते टँकमध्ये आठवडाभरही जगत नाहीत.

ग्लासफिशचा विषय निघालाच आहे तर दुकानातले गुलाबी-हिरवे "डिस्को" ग्लासफिश घेऊ नका. तो रंग सुईने टोचून भरलेला असतो. प्राण्यांवरच्या क्रूरतेच्या १९६० च्या कायद्यात माणूस सोडून प्रत्येक जिवंत जीव "प्राणी" आहे, मासासुद्धा. फक्त त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून १० ते ५० रुपये आहे. पन्नास रुपयांत सराफ्याच्या खाऊबाजारात एक प्लेट गराडूही (तळलेला कंद) येत नाही.

विक्रीचं थोडक्यात. छंद वाढला, पिल्लं झाली, शेजाऱ्याला दिली, इथवर ठीक. पण नदीतून मासे गोळा करून ते विकायचा धंदा सुरू केला, की २००२ चा जैवविविधता कायदा लागतो. व्यापारी वापरासाठी राज्य जैवविविधता मंडळाला, म्हणजे आपल्यासाठी भोपाळला, आधी कळवावं लागतं. केरळने तर २००८ मध्ये "मिस केरळ" या एका देशी माशाच्या पकडीवर बंधनं घातली, कारण ॲक्वेरियमच्या बाजारासाठी तो ओढेच्या ओढे रिकामे करून नेला जात होता.

परदेशी माशांचा वेगळा लेख होईल. पण आशियाई अरोवाना ठेवणाऱ्यांनी वन्यजीव कायद्याची चौथी अनुसूची आणि २०२४ चे नोंदणी नियम बघावेत, केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. दुकानात सर्रास मिळतो तो चंदेरी अरोवाना, तो वेगळा. आणि कुणी "मोठा मागूर" म्हणून आफ्रिकी मागूर देऊ केला तर घेऊ नका, त्याच्या पालनावर २००० पासून बंदी आहे.

राहिली ती बाटली. भाच्याचा हिशेब सोपा होता: पाळायचे नाहीत ना, मग उद्या पिपलियापाळ्याच्या तलावात सोडू. घराजवळ आहे. मी त्याला नकाशा दाखवला. चोरलचा मासा नर्मदेचा. पिपलियापाळ्याचं पाणी गंगेच्या बाजूचं. डोंगराच्या ज्या धारेने या दोन पाण्यांतले मासे हजारो वर्षं वेगळे ठेवले, ती आपण स्कूटरवरून तासाभरात ओलांडणार. यावर एक जण मला म्हणाला होता, जलूदहून नर्मदेचं पाणी पंपाने आपल्या नळात येतंच की! येतं, पण ते गाळून, क्लोरीन घालून येतं, माशांसकट नाही. २०२२ च्या दुरुस्तीने केंद्राला परक्या आक्रमक जातींचा व्यापार, बाळगणूक आणि प्रसार रोखायचा अधिकारही दिला आहे. ॲक्वेरियममधला काळा खरखरीत सकरमासा वाराणसीला गंगेत सापडला, तो कुणीतरी असाच "सोडून" दिलेला असणार.

टँकमध्ये एकदा गेलेला मासा मात्र जिथून आणला तिथेही परत सोडू नये. दुकानातल्या माशांचे रोग त्याच्या अंगावर बसलेले असतात. हे सात अजून बाटलीतच, चोरलच्याच पाण्यात होते. रात्री बादलीत तेच पाणी ओतलं, हवेचा पंप नवा धुऊन लावला, वर ताट झाकलं. सकाळपर्यंत दोन मेले. उरलेले पाच घेऊन आम्ही महूच्या रस्त्याने निघालो, भाचा मागे बसून बादली पोटाशी धरून. पूल आला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. तळाला चिकटलेला तो तपकिरी सगळ्यात आधी गेला, दगडाखाली, परत दिसलाच नाही.

घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर १६ ऑगस्टच्या चौकोनात पेनाने मासा काढला. मी त्याच्याखाली लिहिलं, "आधी तळ्याच्या समितीला फोन." त्याने ते वाचलं आणि खाली आणखी बारीक अक्षरात लिहिलं, "फोन मामा करणार."